मोठ्या कंपनीसाठी राखीव

३ फेब्रुवारी, सकाळी ५.४०. टायची गाठ मारत होतो.

सातव्या वेळी जमली. टायचं टोक बकलापर्यंत आलं पाहिजे असं प्लेसमेंटच्या सरांनी सांगितलंय. माझं दोन बोटं वर राहतं. टाय ताईने घेऊन दिलाय, त्यामुळे मापाची चूक तिची असावी.

या आठवड्यापासून आमच्या डिप्लोमा कॉलेजात कंपन्या यायला लागणार. महिन्याभरात चार. पंपवाली, लिफ्टवाली, पुठ्ठ्याची खोकी बनवणारी आणि शेवटी, २३ तारखेला, मोठी कंपनी. मोठ्या कंपनीचं नाव वहीतसुद्धा लिहीत नाही. दृष्ट लागायला नको.

कॉलेजचा नियम आहे: एक विद्यार्थी, एक नोकरी. एका कंपनीने निवडलं की पुढच्या कंपन्यांना बसता येत नाही. या नियमातला धोका बाकीच्या पोरांना दिसत नाही, मला दिसतो. उद्या पंपवाल्यांनीच मला उचललं तर? मोठी कंपनी येईल तेव्हा मी कुठेतरी वॉशर मोजत बसलेला असेन.

निश्चय:
१) लहान कंपन्यांना फक्त सरावासाठी बसायचं.
२) चुकून निवड होणार नाही याची काळजी घ्यायची.
३) इंग्रजी पेपर रोज मोठ्याने वाचायचा.
४) 'म्हणजे' हा शब्द बंद.

३ फेब्रुवारी, संध्याकाळी

आईचा फोन. मामाच्या दुकानात (नळ, सिंक, फरशा) काउंटरवर माणूस हवाय. मामा महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहे म्हणे. बाबांचंही तेच मत. २८ पर्यंत नोकरी लागली नाही तर मामाकडे बसायचं, आणखी कुठल्या कोर्सची फी भरायची आता त्यांची ताकद नाही. आईला म्हटलं, मामाला सांगून टाक, थांबू नकोस म्हणावं. आई म्हणाली, असं तोंडावर कसं सांगायचं, भाऊ आहे माझा.

मी आणि नळ! तीन वर्षं इंजिनिअरिंग ड्रॉइंग काढलं ते यासाठी नाही. (ड्रॉइंगला एकदा नापास झालो होतो. पेपर तपासणाऱ्याची मनःस्थिती ठीक नव्हती.)

४ फेब्रुवारी

आरशासमोर 'स्वतःबद्दल सांगा'चा सराव. वेळ: एक मिनिट पन्नास सेकंद. माझा रूममेट गप्प्या पांघरुणातून ऐकत होता. हा दिवसाला सरासरी नऊ वाक्यं बोलतो, त्यातली दोन मेसमध्ये. म्हणाला, छान आहे, पण यात तू कुठे आलास? आणि 'म्हणजे' अकरा वेळा आलं.

मोजायला मी सांगितलं नव्हतं.

६ फेब्रुवारी. पंपवाली कंपनी.

लेखी परीक्षा. साठ प्रश्न, साठ मिनिटं. सूचना नीट वाचल्या, त्यात अठरा मिनिटं गेली. माझ्याशिवाय कोणीही वाचल्या नाहीत. प्रश्नपत्रिकेत छपाईच्या दोन चुका होत्या, त्या वेगळ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून उत्तरपत्रिकेला जोडल्या. एकोणीस प्रश्न सोडवले. सगळे बरोबर असणार.

दुपारी यादी लागली. नाव नाही. सुटलो! जवळजवळ अडकलोच होतो.

गप्प्याचं नाव आहे. मुलाखतीत त्याला विचारलं, आमच्याच कंपनीत का यायचंय? हा म्हणाला, तुमची बस माझ्या बहिणीच्या घरावरून जाते. सगळे हसले आणि घेतला त्याला. एक तारखेपासून कामावर. बिचारा. रस्ता बंद झाला त्याचा. त्याला धीर द्यायला गेलो तर तो झोपला होता.

१० फेब्रुवारी. लिफ्टवाली कंपनी.

गटचर्चा. आठ जण, एक टेबल, पंधरा मिनिटं. विषय: यंत्रं माणसाची जागा घेतील का? माझी पहिली तीन वाक्यं तयार होती. योग्य क्षणाची वाट बघत होतो. सगळे एकदम ओरडत होते. एक जण तर टेबलावर मूठ आपटून म्हणाला, शांतपणे चर्चा करू या. शेवटच्या मिनिटाला परीक्षकाने माझ्याकडे बोट केलं, तुम्ही काही बोलला नाहीत. मी म्हणालो, मी सगळ्यांशी सहमत आहे.

आठांतले चार एकमेकांच्या विरुद्ध बोलत होते हे नंतर लक्षात आलं. पण नेता आधी ऐकतो.

निवड नाही. योजनेप्रमाणे.

११ फेब्रुवारी

इंग्रजी पेपर मोठ्याने वाचला. शेजारच्या खोलीतून भिंतीवर ठोकलं. उद्यापासून मनात वाचणार, फक्त ओठ हलवून. शाळेत आमच्या बाई सांगायच्या, ओठ हलवून वाचणाऱ्याचं शुद्धलेखन चुकत नाही. माझं चुकत नाही.

१४ फेब्रुवारी, दुपारी १.१५. खोक्यांची कंपनी.

ही कंपनी लेखी परीक्षा घेतच नाही. सरळ मुलाखत. पिकल्या केसांच्या एक बाई, कारखान्याच्या मुख्य इंजिनिअर, आणि शेजारी एक तरुण, तो फोनमध्ये. 'स्वतःबद्दल सांगा' विचारलंच नाही! एक मिनिट पन्नास सेकंद वाया. बाईंनी एकदम विचारलं, रात्रपाळीत मशीन मध्येच बंद पडलं तर पहिल्यांदा काय करशील?

तयारी नव्हती. तोंडातून आलं, वेळ लिहीन.

त्या म्हणाल्या, वेळ कशाला?

मी म्हणालो, म्हणजे नंतर सगळे भांडतात ना, मशीन कधी बंद पडलं त्यावरून. हा म्हणतो माझ्या पाळीत नाही, तो म्हणतो माझ्या पाळीत नाही. लिहिलेलं असलं की भांडण मिटतं, आणि मग मशीनकडे बघता येतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. तरुणाला म्हणाल्या, ऐकलंस का रे? बारा वर्षं हेच सांगतेय मी. मग माझी कॉलेजच्या वर्कशॉपची वही मागितली, पानं उलटली, समासातली माझी नोंद (लेथ ३ नंबर, पट्टा सैल, दुपारी २.४०) वाचली आणि हसल्या. म्हणाल्या, एक तारखेला येशील का? चहा आमचा फुकट असतो.

मी म्हणालो, विचार करून सांगतो.

यादी पाच वाजता लागणार. आत्ता दीड होतोय. हे भलतंच होऊन बसलं. पंचवीस जणांतून मलाच असं विचारावं? मोठी कंपनी नऊ दिवसांवर आली आहे आणि मी खोक्यांत बंद होणार.

काहीतरी केलं पाहिजे.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६. शांत वाटतंय.

पावणेतीनला प्लेसमेंटच्या सरांकडे गेलो. म्हणालो, खोक्यांच्या कंपनीतून माझं नाव काढून घ्यायचंय. सरांनी आधी बाहेर कोण आहे ते बघितलं, त्यांना वाटलं पोरं गंमत करतायत. मग म्हणाले, अरे बाबा, यादीत नाव यावं म्हणून लोक माझ्या घरापर्यंत येतात, आणि तू काढायला आलास? ताप वगैरे आहे का? मी म्हणालो, मी मोठ्या कंपनीसाठी थांबतोय. सर म्हणाले, मोठी कंपनी तुझ्यासाठी थांबली आहे का?

असल्या बोलण्याने खचणारा मी नाही.

त्यांनी फॉर्म दिला. दोन प्रतींत भरला, खाडाखोड नाही. स्वतःची प्रत शिक्का मारून घेतली. सर शिक्का मारायला तयार नव्हते, म्हणाले, घरी जा, जेव, पाच वाजता बोलू. पण मी टेबलापासून हललो नाही. चिकाटी.

पाचला यादी लागली. बारा जागा, अकरा नावं.

१५ फेब्रुवारी

सरांनी जिन्यात गाठलं. खोक्यांच्या बाईंचा फोन आला होता. यादीत पहिलं नाव माझं होतं. बाई म्हणाल्या, त्या वहीवाल्या मुलाला झालं काय? सर म्हणाले, मी काय सांगणार त्यांना, कपाळ?

पहिलं नाव! पंचवीस जणांत! जिन्यातच उभं राहून आईला फोन केला. आईला नियम नीट कळला नाही, पण पहिला आलो हे कळलं. शेजारणीला सांगत होती ते फोनवर ऐकू आलं.

ताईचा फोन रात्री जेवताना. ताई हॉस्पिटलात नर्स आहे, तिला दमलेली असताना फोन करायची सवय आहे. म्हणाली, शहाण्या, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मी डबल ड्यूट्या करून तुला टाय घेऊन देते, आणि तू मिळालेली नोकरी परत करतोस? मी म्हणालो, परत नाही केली, घेतलीच नाही. ताईने फोन ठेवला. तिला करिअर या विषयाची माहिती कमी आहे.

१९ फेब्रुवारी

तयारी जोरात. मोठ्या कंपनीची स्थापना, शाखा, संचालकांची नावं पाठ. पहिल्या पगारातून कोणाला काय घ्यायचं त्याची यादी केली. ताईला काही नाही. नंतर तिचं नाव घातलं, पण शेवटी.

गप्प्या एक वाक्य बोलला. म्हणाला, परीक्षा कॅमेऱ्यावर आहे, सराव करून बघ. त्याला म्हटलं, कॅमेऱ्याला घाबरतो तो दुसरा.

२३ फेब्रुवारी, दुपारी १२.०५

मोठी कंपनी स्वतः आलीच नाही. सगळं कॉम्प्युटर लॅबमधून. समोर स्क्रीन, वर कॅमेरा. तीन सूचना मिळाल्या की परीक्षा बंद, असं पहिल्याच पानावर होतं. मी ते वाचलं. दोनदा.

चौथ्या प्रश्नाला स्क्रीन लाल झाली. सूचना एक: परीक्षेत बोलू नका. मी बोलत नव्हतो. फक्त ओठ हलवून वाचत होतो.

सूचना कोणाला मिळाली ते बघायला मागे वळलो. सूचना दोन: इकडेतिकडे बघू नका.

मग खुलासा करावा म्हणून हात वर केला. लॅबच्या असिस्टंटने लांबूनच दोन्ही हातांनी खूण केली, खाली कर, खाली कर! मला वाटलं, थांब, येतो म्हणतोय. म्हणून उभा राहिलो.

सूचना तीन.

सातव्या प्रश्नावर होतो. त्याचं उत्तर येत होतं.

२४ फेब्रुवारी

मोठ्या कंपनीला सविस्तर पत्र मेल केलं. चार पानं, परिच्छेदांना क्रमांक. पाठवल्यावर अकरा सेकंदांत उत्तर! एवढ्या मोठ्या कंपनीत इतकी तत्परता. त्यांनी लिहिलंय, या पत्त्यावर उत्तर पाठवू नये, आपली माहिती आम्ही जपून ठेवू.

जपून हा शब्द कोणी उगाच वापरत नाही.

२५ फेब्रुवारी

फळ्यावर नवी नोटीस. एका वर्कशॉपला दोन मुलं हवीत. सहज म्हणून सरांकडे गेलो. सरांनी माझा फॉर्म काढला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. स्वेच्छेने नाव काढून घेणाऱ्यास उरलेल्या हंगामात अन्य कंपनीला बसता येणार नाही. मोठी कंपनी तेवढी अपवाद, कारण तिची नोंदणी आधीच झाली होती.

ही ओळ मी सही करण्यापूर्वी वाचली होती. मी सगळं वाचतो. पण मोठी कंपनी ज्यांना घेणार नाही त्यांच्यासाठी ती असावी असं वाटलं होतं.

सरांना विचारलं, खोक्यांच्या बाईंना एकदा फोन करता येईल का? सर म्हणाले, कालच केला होता मी, तुझ्या नकळत. बारावी जागा भरली.

निघताना त्यांनी पाणी विचारलं. नको म्हणालो. मग प्यायलो.

२७ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. दुकान म्हणजे कमी नाही. मामाचा कारभार जुन्या पद्धतीचा आहे, त्याला माझ्यासारख्याची गरज आहे. अटी: १) हुद्दा मॅनेजर. २) वेगळं टेबल. ३) रविवारी सुट्टी. मामा दुसऱ्या अटीवर खळखळ करेल. थोडं नमतं घेईन.

२८ फेब्रुवारी

टाय घालून गेलो. दुकानात गर्दी. बसायला जागा नव्हती म्हणून मांडून ठेवलेल्या बाथटबच्या कडेवर टेकलो. काउंटरवर एक मुलगी बिलं फाडत होती, मान वर न करता. तिने मला विचारलं, नळ बघायचेत की फरशी?

मामा आतून आला. ये ये इंजिनिअर! पाठीवर थाप. मी घसा साफ केला आणि म्हणालो, मामा, तुझ्या काउंटरच्या जागेबद्दल मी विचार केलाय. मामा आधी हसला. मग हसायचा थांबला.

म्हणाला, अरे, सोळा तारखेला तुझी आई फोनवर म्हणाली, कंपन्या त्याला पहिल्या नंबराने बोलावतायत आणि हा नको म्हणतोय, तुझ्या दुकानात कशाला येईल तो. मग मी कोणासाठी थांबू? हिला सतरापासून ठेवलंय. हिशोबाला पक्की आहे पोरगी. आता काढू कशी?

मी म्हणालो, छे छे, मी सहज विचारलं.

मामा म्हणाला, मोठ्या कंपनीत कधी रुजू होतोस?

मी म्हणालो, प्रक्रिया चालू आहे.

नुसतं तसंच कसं निघायचं, म्हणून एक नळ मागितला. मामाने मुलीला सांगितलं, भाचा आहे माझा, दहा टक्के सोड.

खर्च:
टाय: २२०
बुटाची नवी टाच: ९०
फोटो, बत्तीस प्रती: १६०
बायोडेटा छपाई, तीन वेळा: १३५
इस्त्री: ९६
बस, मामाच्या दुकानापर्यंत (येताना चालत): ४०
पितळी नळ, सूट वजा जाता: ४०५
एकूण: १,१४६

देणे:
ताई: ५२० (टायचे धरून)
गप्प्या: १८०
मामा, नळाचे: ४०५. पहिल्या पगारात दे म्हणाला.