किरकोळ साफसफाई

७ मार्च १९९४, सोमवार
संकल्प: रोज लिहायचं आणि खरं लिहायचं.
ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, मेमरीचा भाग माझ्याकडे आहे. त्यात एक किडा मधूनच वळवळतो. आज त्याच्या वाटेत ब्रेकपॉइंट घातला, म्हणजे थांबायला सांगणारी एका ओळीची सूचना. प्रोसेसर त्या सूचनेवर आला की आख्खं मशीन जागच्या जागी थांबतं आणि केबलनं जोडलेल्या दुसऱ्या मशीनवरच्या डिबगरला, म्हणजे चुका शोधायच्या प्रोग्रामला, विचारतं, आता काय करू? शेजारी डिबगर नसेल तर मशीन सरळ मरतं. उद्या काढून टाकीन.

८ मार्च
दर दहा मिनिटांनी थांबतंय. वैताग! डिबगरला सांगून ठेवलं की बाबा रे, इथं मला विचारू नकोस, ही सूचना ओलांडून पुढं चल. आता सगळं सुरळीत. सगळं काम मुख्य कोडमध्ये जमा केलं, तेही मुदतीच्या दोन दिवस आधी. अशी माणसं कमीच.

१० मार्च, दुपार
टेस्टिंगच्या चाळीस मशीनपैकी एकतीस मेली. तिथं डिबगर जोडत नाहीत, गिऱ्हाइकाकडे असतील तशीच ठेवतात. आमचा बॉस गस लालबुंद झालेला. मंगळवारी दोघांनीच कोड जमा केलाय, मेमरीचा मी आणि डिस्कचा लॉरेलनं. मी छातीठोकपणे सांगितलं की माझ्या मशीनवर मस्त चालतंय. खोटं काय त्यात? वर, कुणी विचारलं नसताना, डिस्कचा कोड एकदा बघून घ्या असंही सुचवलं.

११ मार्च
लॉरेलची तीन वर्षं त्या डिस्कच्या कोडमध्ये गेलीत. गस म्हणाला, बुधवारपर्यंत कारण सापडलं नाही तर तिचा कोड या आवृत्तीतून बाहेर.
ज्याच्यामुळे मशीन मरतात त्यानं डोनट आणायचे, अशी आमच्याकडे रीत आहे. लॉरेलनं आजच आणले. म्हणाली, निघालीच माझी चूक तर उधारी नको, खा मेल्यांनो. मी दोन खाल्ले.

१४ मार्च
खुर्चीच्या चाकाखाली डिबगरची केबल आली आणि निघाली. मशीन मेलं. माझ्याच ओळीवर.
सहा दिवस ती ओळ तिथंच होती आणि माझा डिबगर इमानेइतबारे तिला ओलांडत होता. काढायचं राहूनच गेलं होतं.
संकल्प: जेवण झाल्याबरोबर लॉरेलला सांगायचं.
जेवणानंतर ती फोनवर होती. लोकांना फोनवर असताना त्रास देऊ नये.

१५ मार्च, संध्याकाळी सहा
जास्त चांगली कल्पना सुचली. ती ओळ गुपचूप काढली. बदलाच्या नोंदीत लिहिलं, 'किरकोळ साफसफाई'. मशीन चालतील, सगळे विसरतील, कुणाचंच नुकसान नाही. हलकं वाटतंय.

१६ मार्च
चाळीसच्या चाळीस मशीन चालू. पण अरे देवा, गसनं बुधवारची वाट न बघता लॉरेलचा कोड कालच काढला होता! तोही संध्याकाळीच.
मीटिंगमध्ये ती म्हणाली, कारण कुणालाच सापडलेलं नाही, मग खापर माझ्याच डोक्यावर का? गस म्हणाला, मला काय विचारतेस, मशीनला विचार. तुझा कोड गेला आणि मशीन उठली की नाही? मी वहीत चौकोन काढत बसलो. बरेच काढले.

१७ मार्च
संकल्प: आज सांगायचंच.
सकाळी लॉरेलच्या खोलीपर्यंत गेलो. ती काम करत होती. परतलो. दुपारी परत गेलो. मग गसकडे गेलो. त्यानं विचारलं, काय रे ड्वेन? मी म्हटलं, कपाटाची किल्ली सापडत नाहीये. त्यानं बिचाऱ्यानं दहा मिनिटं शोधली.
शिवाय आता सांगितलं तर सगळी चाचणी पहिल्यापासून करावी लागेल. म्हणजे गप्प बसणं टीमच्याच हिताचं आहे.
वरचं वाक्य वाचून पाहिलं. लाज वाटली. पण खोडत नाही, खरं लिहायचं ठरलंय.

१८ मार्च, शुक्रवार
सकाळी लॉरेलची सगळ्यांना मेल. ती ओळ, घातल्याची तारीख, काढल्याची तारीख, माझं नाव. एक वावगा शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
गसनं बोलावलं. म्हणाला, चुका मीही ढीगभर केल्यात रे, पण बुधवारी तू समोर बसला होतास.
दुपारी लॉरेल दारात आली. ती ओळ बुधवारीच सापडली म्हणाली, मंगळवारचे सगळे बदल एकेक करून वाचले. मग आजपर्यंत थांबली. वाटलं, येशील सांगायला.
मी म्हटलं, सांगणारच होतो. ती म्हणाली, माहितीये, काल दोनदा दारावरून गेलास.
तिचा कोड सोमवारी परत घालायचाय. त्याआधी दुसऱ्या कुणीतरी तो तपासावा लागतो. गेली नऊ वर्षं ती आपला प्रत्येक कोड माझ्याकडेच देत आलीय. कोडचे कागद तिच्या हातात होते. मी हात पुढं केला. म्हटलं, आजच बघतो, सगळं बाजूला ठेवून.
ती म्हणाली, राहू दे ड्वेन, मी गसला तपासायला सांगितलंय.