घरात कुणी आजारी नाही

तात्या, आज दुपारी एका बाईनं मला दारातूनच परत लावायला बघितलं. बारामतीतल्या आपल्याच आळीत, दोन गल्ल्या पलीकडं. दाराला चादरीचा पडदा, अन् पडद्याची कड मुठीत धरून उभी असलेली तिशीतली बाई. मी नेहमीसारखं विचारलं, "घरात कुणी म्हातारं, आजारी माणूस आहे का गं? काठी, कुबड्या, चाकाची खुर्ची, काही लागतं का?" ती म्हणाली, "न्हाय मावशी, आमी चौघंच हाय." आणि तेवढ्यात आतून कुणीतरी खोकलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. मग मी तिच्या पायरीवर बसले आणि म्हटलं, "पोरी, घोटभर पाणी दे. फिरून फिरून घसा सुकलाय." ती आत गेली. पुढचं नंतर सांगते. तिनं धरलेली ती पडद्याची कड बघून मला जे आठवलं, ते आधी तुमच्यापाशी बोलायचं आहे. इतकी वर्षं राहून गेलं.

तुम्हाला शेळगावाहून आणलं ते पावसाळ्यात. नव्वद सालानंतरचे ते दिवस. एमायडीसीत नवे कारखाने उभे राहत होते, बाहेरगावची माणसं येत होती आणि बारामतीत भाड्याची खोली मिळणं म्हणजे देव भेटण्यासारखं झालं होतं. तुमच्या जावयाला नोकरी लागलेली, पदरात दोन मुली, आणि मालकीणबाईंनी खोली देतानाच बजावलेलं, "नवराबायकू आन् दोन पोरी. पाव्हणं आलं तर आठ दिवस, जास्ती न्हाय." तुमची उजवी बाजू लुळी पडली होती, जीभ जड झाली होती, पण डोकं साफ होतं. आई आधीच गेलेली, मी एकुलती. दुसरं कोण आणणार तुम्हाला? मी मालकीणबाईंना सांगितलं, आठ दिवस. नवव्या दिवशी माझी हिरवी सुती साडी दुहेरी करून दाराला पडदा लावला आणि मुलींना शिकवलं, कुणी विचारलं तर सांगायचं, आजोबा गावाला गेले.

तुम्हाला तो पडदा पहिल्या दिवसापासून आवडला नाही. हयातीतली निम्मी वर्षं मेंढरांमागं उघड्या रानात काढलेला माणूस तुम्ही, मेंढरं विकून शेतीत बसलात तरी शेळगावात घराचं दार कधी लावलं नाहीत. खाटेवर पडल्या पडल्या म्हणायचात, "पडदा वर कर की गं. माणसं जाताना दिसत्याल." मी म्हणायची, "तात्या, लघवीचं भांडं घेताना कुणी बघितलं तर तुमालाच लाजल्यासारखं हुईल." एकदा मी स्वयंपाक करताना गॅसकडं बघून म्हणालात, "ह्येला धूर न्हाय. गावात एखाद्या घरावर धूर न्हाय दिसला की शेजारीण इचारायला यायची, का गं चूल न्हाय पेटली? हितं कळायचं कसं कुणाला?" मी हसण्यावारी नेलं. आता कळतं, तुम्ही हसायला बोलला नव्हता.

मी हातावर हात धरून बसले नव्हते, एवढं खरं माना. चौथीपर्यंतची माझी शाळा, पुढचं सगळं रद्दीच्या पेपरांवर वाचून शिकलेलं, तरी अर्ज स्वतः लिहिला. अपंगांना चाकाची खुर्ची मिळते असं कुठंतरी वाचलं होतं. शेळगावचा तालुका म्हणून एसटीनं इंदापूरला गेले. तिथल्या माणसानं विचारलं, पेशंट राहतो कुठं? बारामतीत. मग बारामतीत विचारा. बारामतीत विचारलं, रेशनकार्ड कुठलं? शेळगावचं. मग इंदापूरला जा. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी परत येऊन खाटेच्या कडेला बसले तेव्हा तुम्ही अर्ध्या तोंडानं हसलात. "मेंढरू बी एका टायमाला एकाच वाड्यात कोंडत्यात. मला दोन तालुक्यांत कोंडलाय व्हय त्येंनी?" मला तेव्हाही रडू आलं होतं आणि हसूही. पण बघा तात्या, परक्या गावातल्या परक्या माणसापुढं तीनदा उभं राहायला मला लाज वाटली नाही. समोरच्या दारात जाऊन एकदा विचारायची वाटली.

दसरा झाल्यावर आळीतल्या बालवाडीच्या बाई आल्या. खांद्याला पिशवी, पायात झिजलेल्या चपला. पडद्याबाहेर थांबून त्यांनी विचारलं, "वहिनी, घरात कुणी म्हातारं, आजारी माणूस आहे का? काही लागतं का?" माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? मालकीणबाईंनी तपास करायला पाठवली. खोली गेली. मी पडद्याची कड मुठीत घट्ट धरली आणि म्हटलं, "घरात कुणी आजारी नाही. आम्ही चौघंच." त्या म्हणाल्या, "बरं," आणि पुढच्या दाराकडं गेल्या.

लहानपणी मी असंच एकदा केलं होतं, तुम्हाला आठवत असेल. मेंढरं घेऊन चाललेली एक बाई लेकराला काखेत घेऊन दारात आली होती आणि मी उठायचा कंटाळा म्हणून सांगितलं, ताक न्हाय. मडकं भरलेलं होतं. तुम्ही गोठ्यातून ऐकलंत, तेच मडकं उचललंत आणि ओढ्यापर्यंत तिच्या मागं गेलात. परत आल्यावर मारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "असून न्हाय म्हणू नगं. त्या शबुदानं माणूस उपाशी जातंय."

दिवाळी सरली. एका सकाळी कालव्याच्या रस्त्यानं मेंढरं निघाली. मला नुसता गलका ऐकू येत होता, तुम्ही मात्र डोळे मिटून सगळं बघत होता. "घोडी म्होरं हाय. लई मेंढरं हायती. एक लंगडतंय." मी विचारलं, कसं कळलं? "घंटी चुकती त्येची." मग म्हणालात, "मला कालव्यापतूर न्हे की. काय करत न्हाय, नुसतं बगतो." तुमचे जावई कामावर. मला एकटीला तुम्हाला उचलवत नव्हतं. मी म्हटलं, "गुरुवारी सुट्टी हाय त्येंना, गुरुवारी जाऊ." तुम्ही भिंतीकडं तोंड वळवलंत. "गुरवारपतूर थांबत्यात व्हय मेंढरं?" मी पळत कालव्यावर गेले. कळप पुढं गेला होता. बाभळीच्या काट्यांना अडकलेला लोकरीचा एक पुंजका तेवढा मिळाला, तो आणून तुमच्या डाव्या हातात ठेवला. तुम्ही तो नाकाशी धरलात. संक्रांतीच्या आधी तुम्ही गेलात, तेव्हा तो तुमच्या उशीखाली होता.

शेळगावात तेरावं उरकून मी परत आले, तो पडदा काढून धुवायला टाकला. उघड्या दारातून मालकीणबाई पहिल्यांदा आत आल्या, पिठलं-भाकरी झाकून घेऊन. खाटेच्या कडेला बसल्या. मग म्हणाल्या, "भिंत एका विटंची हाय गं. तुझ्या बापाचा खोकला मला रोज सकाळी ऐकू यायचा. मीच त्या बालवाडीच्या बाईला धाडली हुती. मंडळाच्या खोलीत चाकाची खुर्ची पडून हाय, म्हणलं, हिला दे. तू न्हाय म्हणलीस. मला वाटलं, आमचं घ्यायचं नसंल हिला." मी म्हणाले, "तुमी आठ दिवस म्हणला हुता." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की ती नजर अजून विसरत नाही. "त्ये पाव्हण्याला म्हणलं हुतं. बाप पाव्हणा असतो व्हय?"

गणपती मंडळाची पत्र्याची खोली आपल्या दारापासून तीस पावलांवर. मी तिच्या कडीला दोरी बांधून रोज धुणं वाळत घालायची. आत सजावटीची कमान, ढोल, आणि त्यांच्या मागं ती खुर्ची. कुणा आजाऱ्यासाठी मंडळानं आणलेली, तो बरा झाल्यावर परत आलेली. एका चाकात गुलाल बसून ते धरलं होतं. मी ते पुसलं, तेल सोडलं, आणि चाक फिरतं का बघायचं म्हणून खुर्ची ढकलत निघाले. ढकलत ढकलत कालव्यापर्यंत गेले. वाटेत कुणी हसलं नाही. एक माणूस तर म्हणाला, "वहिनी, रिकामी का फिरवताय?"

त्यानंतर मी बालवाडीच्या बाईंबरोबर दारोदार जायला लागले. पुढं त्या थकल्या, मी एकटी जाते. व्यायाम शिकवणारी मुलगी देवळाच्या हॉलमध्ये कधी येते, कुबड्या कुणाच्या माळ्यावर पडून आहेत, दवाखान्यातल्या माणसाच्या सोबत्याला डबा कोण देतं, सगळं तोंडपाठ आहे. आळीतली माणसं थट्टा करतात, "मावशी आली, आजार शोधत आली." पण दारात येऊ देतात. पहिल्या 'न्हाय'वर मात्र मी परत फिरत नाही. पाणी मागते. पाणी प्यायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात माणूस बोलतं.

आजची ती बाईही बोलली. तांब्या माझ्या हातात देऊन तीही पायरीवर टेकली, आणि मग हळूच म्हणाली, "सासरं हायती. तुमी घरमालकाला सांगू नका." मी म्हटलं, "मालकाला ठाऊक आसंल पोरी. भिंती सगळ्यांच्याच पातळ." संध्याकाळी खुर्ची तिच्या दारात पोचवली.

हे पत्र टाकायचं कुठं? पेटीत, त्या लोकरीच्या पुंजक्याशेजारी ठेवते. एकच राहिलं. बालवाडीच्या बाई आल्या तेव्हा तुम्ही झोपला होतात, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. तुमच्या जावयाला, मुलींना, मालकीणबाईंना. इतक्यांदा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं होतं. तुम्ही जागे होता तात्या. मी आत वळले तेव्हा डाव्या हातानं घोंगडीचा कोपरा तोंडावर दाबून धरला होता तुम्ही. डोळ्यांत पाणी आलं होतं, मान लाल झाली होती. घोंगडी थोडी बाजूला करून विचारलंत, "गेली का बाई?" मी म्हटलं, गेली. "मग खोकतो आता," म्हणालात. आणि मी तुमच्याजवळ न येता आधी पडदा सारखा केला.