सुटेल अशी गाठ

३ ऑगस्ट
जेवताना अस्मी म्हणाली, विक्का. मला ऐकू आलं 'विका'. काय विकायचंय, विचारलं. 'नेव्हर माइंड, बाबा' म्हणून ती खोलीत गेली. वीणाने, तिच्या आईने, सांगितलं, निसर्ग मानणारा धर्म आहे तो, त्यात जादूही असते. पोरगी ग्लासगोला शिकायला जाणार हे ठरल्यापासून आमचं बोलणं फक्त एसीवरून. मी चोवीसवर ठेवतो, ती येऊन एकोणीस करते. तिच्या जाण्याचं मला काही वाटत नाही. पण कॉमन विषय हवा. ठरलं: विक्का समजून घ्यायचं. वीकेंडला उरकेल.

६ ऑगस्ट, सकाळी
वाचलं. सैतान वगैरे भानगड नाही. वर्तुळ आखायचं, मनातली इच्छा स्पष्ट धरायची आणि जगात सोडायची. कोणाचं वाईट चिंतायचं नाही, पाठवाल ते तिपटीने परत येतं. थोडक्यात, आमच्या फुजैराच्या तेल टर्मिनलवरचं वर्क परमिट. काम काय ते सांगा, एरिया बॅरिकेड करा, सेफ्टी पाळा. मी जन्मभर हेच करतोय.

७ ऑगस्ट
तहाला सांगितलं. धक्क्याला जहाजं बांधायला तो माझ्याबरोबर असतो. म्हणाला, वासूभाई, इधर जादू-वादू जुर्म है, लिखना भी मत, खलास. म्हणून यापुढे 'तो विषय' असं लिहीन.

१२ ऑगस्ट
त्या विषयात दोरीचाही प्रकार आहे. इच्छा मनात धरून गाठी मारायच्या. बाकी सगळीकडे मेणबत्त्या, आणि आमचा स्मोक डिटेक्टर उदबत्तीलाही बोंबलतो. दोरी मात्र आपलं क्षेत्र. वीणा म्हणाली, त्यापेक्षा तिला सरळ थांब म्हण ना. मी म्हणालो, थांबावं असं मला वाटतच नाही, हा अभ्यास आहे. दुसऱ्यावर त्याला न विचारता तो विषय करू नये, असंही वाचलं. ते पान नीट कळलं नाही. सोडलं.

१५ ऑगस्ट
माझी आठवड्याची सुट्टी. बाल्कनीत खडूने वर्तुळ आखलं. एसीचं पाणी ठिबकून एक बाजू पुसली गेली. चालतं. टर्मिनलवरची उरलेली नायलॉनची दोरी घेतली. इच्छा: अस्मी इथेच कुठेतरी शिकावी. शारजात चांगली कॉलेजं आहेत. गाठ अशी मारली की टँकरने ओढली तरी सुटणार नाही.

२० ऑगस्ट
तिचा व्हिसा आला. त्या विषयाला वेळ लागतो.

२४ ऑगस्ट
अस्मीला दोरी सापडली. कधी नव्हे ती माझ्याजवळ येऊन बसली. इंग्रजीतच समजावलं, गाठ मारणं हे अर्धं काम. नंतर ती सोडायची असते, तेव्हाच इच्छा बाहेर पडते. मग मराठीत विचारलं, बाबा, तू काय मागितलंस? ओठांवर आलं होतं. म्हणालो, तुझं सामान नीट पोचू दे. ती ओके म्हणाली. नखांनी गाठ सोडवत बसली. मी सांगितलं, सुटेल अशी गाठ आम्ही मारतच नाही. मग ती उठून गेली. एकंदरीत चर्चा छान झाली.

३० ऑगस्ट
कुकर आणि गोड्या मसाल्याचा खोका त्याच दोरीने बांधला. घरात दुसरी दोरी नव्हती. होती, पण पातळ.

१ सप्टेंबर
दुबई एअरपोर्टवरून परत. काउंटरवरची मुलगी म्हणाली, दोरी बांधलेला खोका चालणार नाही. तिने कात्री दिली. मनात म्हटलं, आता अडेल. अस्मीने दोरी कापली, टेप मारली, खोका पट्ट्यावरून गेला. तुकडे माझ्या हातात ठेवून म्हणाली, 'देअर, बाबा. नाऊ इट्स रिलीज्ड.' मी म्हणालो, पासपोर्ट सांभाळ. फुजैरापर्यंत वीणा रडत होती. मी गाडी चालवत होतो.

२ सप्टेंबर
अस्मीचा मेसेज: रीच्ड. लगेज ऑल फाइन. युअर मॅजिक वर्क्स, बाबा.
म्हणजे चालते जादू. तोंडाने मागितलं तेवढं मिळालं.
काही वाटत नाही असं लिहायला बसलो होतो. लिहिता येईना. एसी चोवीसवर केला. कोणी कमी करायला आलं नाही.