‘कम्प्लेन’चं वाक्य

सोम. ५ फेब्रु. ७३
आजही आंघोळ नाही. घागरभर पाण्यात चहा, भात, भांडी, तोंड. आईला पत्रात यातलं काही कळवलं नाही. कळवलं तर नगरला परत ये म्हणेल.
नववीला ‘कम्प्लेन’ शिकवलं. तक्रार करणे, कुरकुरणे. स्वतःचं वाक्य करा म्हटलं. वह्या तपासायला घेतल्या तर सगळी वाक्यं नकारार्थी. आय डू नॉट कम्प्लेन. माय मदर नेव्हर कम्प्लेन्स. एकाचा चारा छावणीतला बैलसुद्धा तक्रार करत नाही. व्याकरण बिनचूक, शाबासकी द्यावी की रडावं कळेना. यांचे आईबाप दिवसभर पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडतात.

मंगळ. ६
वर्गात विचारलं, तक्रार करणारं एकही माणूस कसं नाही रे? बाळू उठला. “बाई, चांगलं वाक्य करा म्हनला हुता तुमी. तक्रार करनं काय चांगलं असतं व्हय?”
म्हटलं, आज होकारार्थी करा. पेनं थांबली. शेवटी मागच्या बाकावरची सुनंदा, खालच्या वस्तीची, एरवी हजेरीपुरतं बोलणारी. तिनं उभं राहून वाचलं: “वुई कम्प्लेन. टँकर स्टॉप्स नियर सरपंच हाउस. वुई गेट ओन्ली मड.”
सरपंच आमच्या शाळा कमिटीचे अध्यक्ष. मी ‘व्हेरी गुड’ म्हटलं आणि फळा पुसायला वळले. फळा कोराच होता. काय पोरगी आहे!

गुरु. ८
शाळेला नवं वेड. “बाई, बाळू माझ्यावर कम्प्लेन करतो.” “बाई, माजं पोट कम्प्लेन करतंय, जाऊ का?” शिपाई रामभाऊसुद्धा: “घंटा लई कम्प्लेन करती, दोरी बदला.” खूप दिवसांनी पोट धरून हसले. मी स्वतः जन्माची कुरकुरी, पण माझी सगळी कुरकुर या वहीत. तोंडानं कुणाजवळ नाही.
हेडसरांची सूचना: शनिवारी दुष्काळी कामं बघायला जिल्ह्याहून साहेब येणार, शाळेतही डोकावतील. परप्रांतातले, मराठी बेताची. काहीही विचारलं तर सगळं ठीक आहे म्हणायचं. मुलांनीही, शिक्षकांनीही.

शनि. १०
साहेब आले, वयानं माझ्याएवढेच. बरोबर सरपंच. नववीला इंग्रजीत विचारलं, पाणी मिळतं का? पुढचे बाक एका सुरात, “यस सर.” मागून सुनंदा उठली. “सर, वुई कम्प्लेन.” मग टँकर कुठे थांबतो, वस्तीवर काय पोचतं, सगळं. मोडकंतोडकं, पण एकापुढे एक नीट. साहेबांनी सरपंचांकडे पाहिलं, काही लिहून घेतलं, गेले.
हेडसर माझ्यावर घसरले. “हे शिकवता तुम्ही?”
“हो. धडा पुस्तकातला आहे.”
माझी नोकरी अजून कायम नाही. तरी बोलले. तिच्याकडे पाहून बळ आलं, दुसरं काय.
सरपंचांनी तिच्या बापाला बोलावणं धाडलंय म्हणे.

सोम. १२
सुनंदाची जागा रिकामी. टँकर आजही सरपंचांच्या दारात. बाळू म्हणाला, तिच्या बापानं तिला तलावाच्या कामावर नेलं. शाळा बास म्हणाला. तिला पुढे मॅट्रिक करायची होती.
पाठ पुढे सरकला नाही.

बुध. १४
संध्याकाळी सुनंदाची आई खोलीवर आली. कामावरून थेट, पापण्यांवरसुद्धा धूळ. बसा म्हटलं, बसली नाही. वाटलं, आता बोल लावणार. लावायचा हक्क होता तिला.
म्हणाली, “तिचा बा म्हनतो, सरपंचाच्या सांगन्यावरनं मुकादमानं कामावरनं काडलं तर खायाचं काय? त्याचं बी खोटं न्हाई.”
“पण तिला शाळेत पाठवा हो.”
“बगू. घरात बोलनं चाललंय.” मग पदरानं तोंड पुसलं. “बाई, ती सायबाला काय म्हनली, त्येवडं मला शिकवा.”
“तुम्हाला? कशाला?”
“सायब तलावावर परत येनार हाय म्हनं. पोरीला दुसऱ्यांदा उबं ऱ्हायाला लागू नये. काय व्हायचं त्ये माज्यावर हुदे.”
शिकवलं. ‘कम्प्लेन’ जिभेवर बसेना. रागावली, हसली, पुन्हा म्हणाली. पाणी देऊ केलं तर अर्धाच पेला घेतला, उरलेलं माझ्या घागरीत ओतायला सांगितलं.
तेच वाक्य म्हणत म्हणत वस्तीकडे गेली. सुनंदा उद्या येईल का, ते तिनं सांगितलं नाही आणि माझ्यानं पुन्हा विचारवलं नाही.