तांबडं म्हणजे रक्त नव्हे

५ जानेवारी, सोमवार
पाटणपासून अर्ध्या तासावरच्या या गावात जनावरांच्या दवाखान्यात आज रुजू झाले. डॉक्टर म्हणून पहिलीच नेमणूक, आणि राहायला गावातलं सर्वांत टापटीप घर: लीलाबाईंची माडी. खाली त्या आणि मुलगा जयराज, मागे गोठ्यात त्याचा शर्यतीचा बैल. खवा, माझा पांढरा ससा, पुण्याहून मांडीवर बसून आला आणि आल्या आल्या फरशीवर मुतला. नारिंगी-तांबडं. लीलाबाई किंचाळल्या, रगत मुततंय म्हणून. मी हसत समजावलं: सशाची लघवी पिवळी, नारिंगी, विटकरी, कशीही असते. पाल्यातल्या रंगद्रव्यांचा तो परिणाम. पांढरी, गढूळ दिसली तर जास्तीचं कॅल्शियम बाहेर पडतंय एवढंच. त्यांनी दोनदा विचारून घेतलं, मंजे तांबडं दिसलं तरी भ्यायाचं न्हाई व्हय? मी म्हटलं, अजिबात नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार
शर्यतीत बैल पळवायचा तर तो धडधाकट असल्याचं आमचं प्रमाणपत्र लागतं. जयराजच्या बैलाचा पुढचा खूर दुखावलेला, मानेवर उत्तेजक टोचल्याच्या ताज्या खुणा. मी सही नाकारली. चार लोकांसमोर जयराज म्हणाला, म्याडम, तुमी ससंच बघा, बैल तुमच्या बानं तरी बघितला हुता का? सगळे हसले. संध्याकाळी लीलाबाई वर आल्या. राग नाही, काही नाही. स्टीलच्या डब्यात चिरलेली मेथी. पोरगं तापट हाय, मनावर घिऊ नगा, म्हणाल्या. धुतलीया, परत धुऊ नगा, चव जाती. मूठभर खव्याला घातली, उरलेली परतली.

२१ जानेवारी, बुधवार
दवाखान्यात पाच दिवसांत एकही जनावर आलं नाही. पाटीवर शेण फेकलेलं. दुकानात मला बघून माणसं बोलायची थांबतात. रोज फक्त लीलाबाईंचा डबा येतो: मेथी, चाकवत, पोकळा. दवाखान्यातले आमचे पट्टीबंधक निजामभाई, मलमपट्टीला हाताखाली असतात ते, आज चाचरत म्हणाले, भाजी बाजारातनं इकत घ्यावा म्याडम, मी आनून दीन. मला त्यांचा रागच आला. सगळं गाव तोंड फिरवतं, एक बाई जेवू घालते, तिच्यावरही संशय घ्यायचा?

२६ जानेवारी, सोमवार
झेंडावंदनाला माझ्यासाठी मांडलेली खुर्ची कुणीतरी उचलून नेली. मी तासभर उभी. पिशवीचा पट्टा खांद्याला लागून काळानिळा डाग पडलाय, आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. पाणी बदललं की होतं असं. खव्याची लघवी गडद झालीये. पोकळा लाल देठांचा होता, त्याचाच रंग.

३१ जानेवारी, शनिवार
खव्यानं काल काही खाल्लं नाही. आजचा रंग एकसारखा नाही, त्यात लाल रेघा. मादी असती तर गर्भाशयाची शंका घेतली असती, हा नर. दवाखान्यात परीक्षानळीत लघवी घेतली आणि तासभर उभी ठेवली. पाल्याचा रंग असता तर वरपासून खालपर्यंत तसाच राहिला असता. वर पिवळं, निवळ. तळाशी लाल साका.
रक्त.
निजामभाईंना म्हटलं, उद्या नऊला मोटारसायकल आणा, खव्याला कराडला नेऊ.

संध्याकाळ
त्यानं जे खाल्लं तेच मी खाल्लं. सोळा दिवस. उंदरांचं औषध असंच काम करतं, रक्त गोठू देत नाही. हे मला शिकवलं होतं. मला माहीत होतं.
माडीची वीज सकाळपासून नाही. फोन खाली चार्जिंगला दिला होता. जिन्यावरून मागितला. लीलाबाई म्हणाल्या, कवा दिला?
नंतर जिन्याचं दार खालून लावल्याचा आवाज.

१ फेब्रुवारी, रविवार
खवा गेला. नाकातलं रक्त थांबत नाही. दुसरा टॉवेल.
आज माळावर शर्यत. कर्णे पहाटेपासून चालू. मी ओरडले ते मलाच ऐकू आलं नाही.
आत्ता पुकारलं — जयराजचा बैल — डॉक्टर क्रांती म्याडमनी स्वतः तपासलेला, सही केलेली — टाळ्या.
मी सही केलेली नाही. हे कुणाला तरी सांगायला मी खाली —
त्यासाठीच दार.
दारातून लीलाबाई बोलल्या. शांतपणे. सांजच्यापातुर पडून ऱ्हावा. डबा उंबऱ्यात ठिवलाय.
सांजेपर्यंत माझ्यात एवढं रक्त —
डब्यातली भाजी तपासा. कुणी वाचलं तर. स्टीलचा डबा, पोकळा —
निजामभाईंची गाडी. आले.
लीलाबाई अंगणात. कर्णे थांबलेत, स्पष्ट ऐकू येतंय. म्याडम व्हय, सकाळच्या यष्टीनं गेल्या की पुन्याला, ससा घिऊन. ते विचारतायत, मला न सांगता? त्या हसतायत. शहरातली मानसं, निजामभाई, तुमाला काय सांगत्यात.
गाडी वळवतायत. ओरडायला दम नाही. खिडकीचा गज, ताट — आवाज गेला पाहिजे — हात उचल —