सहा देव, सात देव, एक बाप

तिरुपूर
५ ऑगस्ट २०२५

मुखरूदादाले दसरूचा जय सेवा. मायले पाया पडतो. वहिनीले नमस्कार.

मी इथी बरा आहे. तुम्ही सारे बरे असाल. धानाचा रोवणा आटोपला का? बैलाचा पाय सुधारला का? इथी दिवसभर बनियनच्या बाह्या जोडतो, मान दुखते, बाकी ठीक.

तू म्हणशील, फोन असून यानं पत्र काऊन लिहिलं. खोली एक, फोन एक, जे बोललो ते पुनमले ऐकू जाते. आपल्या गावचा वारलू इथून घरी येऊन राह्यला, त्याच्या हाती देतो. तूच वाच. मायले वाचून दाखवू नको.

गावातल्या विक्कीनं मले तुमच्या सभेतला व्हिडिओ पाठवला. होळीले मी गावी होतो तेव्हा युनिव्हर्सिटीचे लोक आले होते, साऱ्या बाप्यांची थुंकी नळीत घेऊन गेले, तेच. मी पण थुंकलो होतो. विक्की म्हणे, "जोरानं थुंक बे, खानदानाचा सवाल आहे." आपण किती हसलो होतो. आता ते परत आले आन् त्यांनी पडद्यावर नकाशा दाखवला. त्यांचे सर सांगते, बापाकडून पोराले, त्या पोराकडून त्याच्या पोराले अशी एक खूण जाते, हजारो वर्षं पुसत नाई. ती खूण आपल्या कुरखेड्याकडं आहे, जिवतीच्या डोंगरात आहे, बस्तरात आहे, पार ओडिशापर्यंत पसरली. मंग म्हणते, "तुमचे हे सहा देवांचे आणि ते सात देवांचे, दोघांचा मूळ बाप एकच." तिथंच व्हिडिओ संपला. पुढं तो काय बोलला मले माहीत नाई. तू तिथंच बसला होता ना?

दादा, आपण सहा देव पुजणारे. पुनमचा बाप, माहा सासरा देवरावमामा, सात देवाचा. मायनं लहानपणापासून हेच शिकवलं, सहा देवाच्या घरची पोरगी म्हणजे तुही बहीण, तिच्याकडं तशा नजरेनं पाह्यचं नाई, बायको आणायची ते सात देवाच्या घरून. मी तसंच केलं. साऱ्याइले इचारून केलं. तूच तर अक्षता टाकल्या. आन् आता पडदा म्हणते, बाप एक.

हजारो वर्षं म्हणजे किती ते मले समजत नाई. मले तं आपल्या आज्याच्या बापाचं नाव पण माहीत नाई. पण तो माणूस आता माह्या मागं लागला आहे. बाजूच्या मशीनवर ओडिशाचा एक पोरगा बसते. परवा पाह्यलं तं त्याचे कान आपल्या बाबासारखे. बाह्या उलट्या जोडल्या मी त्या दिवशी, सुपरवायझरच्या शिव्या खाल्ल्या.

आता जे लिहाचं टाळून राह्यलो ते लिहितो. पुनमले दिवस गेले आहेत. पोट दिसाले लागलं. मायले गोड बातमी मीच सांगीन म्हणत होतो, तेवढ्यात हा व्हिडिओ आला.

इथल्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं. नर्सबाई मोडक्या हिंदीत इचारते, "रिश्ते में शादी किया क्या?" इकडं मामाच्या पोरीशी लग्न करतात म्हणून त्या साऱ्याइलेच इचारतात. एकाच रक्तातले असले तं लेकरात दोष येऊ शकते म्हणते. नर्स माह्याकडं पाह्यत राह्यली. पुनमनंच "नहीं" म्हणून सांगतलं. बाहेर आल्यावर म्हणते, "तू काऊन मुका झाला?" मी म्हणलं, हिंदी समजली नाई. ते म्हणे, "राजुऱ्यात ट्रकवाल्यांसंग हिंदीत भांडत होता तो कोण होता मंग?"

त्यानंतर एक दिवस मी कामावर गेलोच नाई. स्टेशनवर जाऊन बसलो. कुठी जायचं ते ठरलं नव्हतं, जे गाडी येईल त्यात बसणार होतो. पुनमनं शेजारणीच्या फोनवरून फोन केला, सिलिंडर संपला, येताना सांगून ये. उठलो आन् सांगून आलो.

घरी आलो तं ते माहीच वाट पाहून बसली होती. विक्कीनं तिच्या भावाले पण तोच व्हिडिओ पाठवला होता, त्याच्याकडून तिले आधीच माहीत होतं. मले म्हणते, "स्टेशनवर गेला होता ना? फोनमध्ये गाडीचा भोंगा वाजत होता." मंग ते हसाले लागली. "त्या सरच्या हिशोबानं तं तुही वहिनी बी तुह्या दादाची बहीण झाली. तुही माय तुह्या बाबाची. जाऊन सांग ना वहिनीले, लाटणं घेऊन मागं लागते का नाई पाह्य." मले बी हसू आलं. पहिल्यांदा वाटलं, खरंच की, आपले देव वेगळे झाले त्याच्याही आधीचा असेल तो माणूस. तेव्हा देवच नसतील मोजले कोणी.

पण दादा, पुढच्या खेपेले दवाखान्यात मी पाणी आणाले गेलो आन् परत आलो तं पुनम नर्सचा हात धरून इचारून राह्यली होती, "बहुत पुराना, हजार साल पुराना बाप एक होगा, तो बच्चे को कुछ होगा क्या?" नर्सले काई कळलं नाई. तिनं दुसऱ्या बाईले आवाज दिला. मी खांबामागं उभा राह्यलो. मले पाह्यलं असतं तं पुनमनं पुन्हा हसून दाखवलं असतं.

वारलूले गावाकडून फोन आला, तो सांगते, पोळा झाला की माह्या लग्नावर पंच बसणार. तो व्हिडिओ पाहून देवरावमामा पोरीले माघारी न्यायचं म्हणून राह्यले. बाबाच्या मागं देव तूच सांभाळतो, पंच पहिले तुलेच इचारतील. तू गप बसला तं ते ठरल्यासारखंच होईल. पुनमले नेतील, आन् लेकरू ना सहा देवाचं ना सात देवाचं. अशा लेकराले आपल्यात मेल्यावरही कोणी देवात घेत नाई. हेच डोळ्यापुढं येते रे.

म्हणून सांगतो, पंचात उभा राहून वहिनीचं नाव घे. वहिनी पण देवरावमामाच्याच घराण्यातली. माहं लग्न मोडलं तं तुहंही मोडते, साऱ्या गावाचं मोडते. सरनं पुढं काय सांगतलं ते ज्यानं ऐकलं त्यानं पंचापुढं बोलावं. लाजू नको.

आन् लेकरू झाल्यावर मी त्याले घेऊन तुह्या दारी आलो, तं तू देवापुढं नेशील का? नाई म्हणायचं असलं तरी कळव. मी भेतो दादा, खूप भेतो. पण स्टेशनवर आता जाणार नाई.

तुहा धाकटा भाऊ,
आन् पुनमच्या लेकराचा बाप,
दसरू