तुमच्या हातची क्लच प्लेट

बाबा, आज भांडायला बसलेले नाही. एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि हे पत्र कुठंही जाणार नाही हे ठाऊक आहे म्हणूनच लिहायचा धीर होतोय. मी आयटीआयमधून फिटर होऊन आले आणि कनेरगाव नाक्यावरच्या आपल्या गॅरेजात कामाला लागले, तेव्हा शेजारच्या ढाब्यावरचे ड्रायव्हर चहा हातात घेऊन बघायला यायचे. पोरगी गाडीखाली शिरते म्हणजे काय! तुम्ही त्यांना हाकलत नव्हतात. "बघा, बघा, तिकीट न्हाई," म्हणायचात आणि माझ्या हातात पाना द्यायचात. तेव्हा तुमचा फार अभिमान वाटायचा. तसं तोंडावर कधी म्हणाले नाही.

जुन्या गाड्या सगळ्या तुमच्याकडंच यायच्या, कारण त्यांचे पार्ट कुठंच मिळत नव्हते. झिजलेली क्लच प्लेट आली की जुनं लायनिंग, म्हणजे वरचा घासणारा थर, काढायचं, नवं कापून बसवायचं आणि ते धरून ठेवायला पितळी रिबिट, म्हणजे खिळे, ठोकायचे. रिबिटचं डोकं लायनिंगच्या आत बुडलं पाहिजे. वर राहिलं तर समोरचं लोखंड खरवडून काढतं. हे ठोकायचं काम तुम्ही मला कधी दिलं नाही. आणि तुमचा हात तर थरथरायला लागला होता. बशी तोंडाशी नेताना निम्मा चहा सदऱ्यावर सांडायचा. एकदा हिय्या करून म्हणाले, "बाबा, रिबिट मी मारते." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हात कापून राहिला, व्हय. पन हातोडी धरली की न्हाई कापत. तू आपलं नट खोल." मला असा राग आला! नट खोलायला का मी कोर्स केला होता?

मग मी काय केलं ते ऐका. दुपारी जेवून तुम्ही बाजेवर आडवे झालात की मी तुमची प्लेट घ्यायची, तुमचे रिबिट ड्रिलनं काढायचे आणि माझे मारायचे. तुम्ही उठायच्या आत प्लेट होती तिथं. तीन-चार वर्षं हे चाललं. गिऱ्हाईक येऊन सांगतंय, "प्लेट लई बराबर चालून राहिली," तुम्ही मिशीत हसताय, आणि मी रॉकेलनं हात धुता धुता मनात म्हणतेय, ती माझी आहे. तुमची अब्रू मीच सांभाळतेय, असं मला अगदी मनापासून वाटायचं.

हिंगोलीच्या डॉक्टरांची जुनी विलायती गाडी तेवढी हुकली. मावसबहिणीच्या लग्नाला दोन दिवस औंढ्याला गेले आणि परत येते तर तुमचेच रिबिट घेऊन गाडी गेलेली. "काहून दिली? मी येईपर्यंत थांबायचं ना!" मी ओरडलेच. तुम्ही पाना पुसत म्हणालात, "डॉक्टरला पेशंटकडं जायचं व्हतं. तू काय कलेक्टर हायस, तुझी सही लागती?" खरं कारण सांगता येईना, म्हणून दोन दिवस अबोला धरला. डॉक्टर त्या गाडीनं खेडोपाडी जायचे. कुणाच्या जिवावर बेतलेलं असताना गाडी मधेच बसली तर? पुढं कितीतरी महिने रस्त्यानं कुणी गाडी ओढून आणताना दिसलं की मी हातातलं काम टाकून कुणाची ते बघायला धावायची. ती गाडी काही आली नाही.

तुम्ही गेलात. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी डॉक्टरांचा मुलगा ती गाडी घेऊन आला. चढाला ओढत नाही, म्हणाला. मी प्लेट बाहेर काढली. लायनिंग झिजून रिबिटांच्या डोक्यांजवळ आलं होतं, इतक्या वर्षांनी झिजणारच. मी रिबिटांवरून नख फिरवलं. वर राहिलेल्या डोक्याला नख अडतं. एकाही ठिकाणी अडलं नाही. सगळे आत, आणि सगळे सारखे आत. पुन्हा एकदा फिरवलं. मग तिथंच बसून रडू आलं, बाबा. तुम्ही खरं बोलला होतात. बाकीच्या प्लेटांवरचे तुमचे रिबिट मी भंगारात टाकले; त्यातले किती चांगले होते हे आता कळायचं नाही. ड्रिल लावायच्या आधी मी एकदाही नख फिरवून बघितलं नव्हतं. तुमचा हात बघायचा आणि ड्रिल लावायचं, एवढंच.

पण कबूल करायचंय ते पुढचंच. मी डोळे पुसून प्लेट हातात घेऊन उभी होते. मुलानं विचारलं, "ताई, इतकी वर्षं चालली ही. कुणी केली होती?"

"मीच," मी म्हणाले.

इतक्या सहज तोंडातून गेलं! "व्वा ताई, हात आहे तुमचा," तो म्हणाला. पुढं तासभर तो तुमच्याच बाजेवर बसून होता, मी त्याला चहासुद्धा दिला. तेवढ्यात सांगता आलं असतं. नाही सांगितलं.